आकाई एस९५०: जंगलचे ठोके कापणारं खोकं

जुना आकाई एस९५० सॅम्पलर (आवाजाचे तुकडे भरून घेऊन पुन्हा वाजवणारं यंत्र) आज घ्यावा का? नुसते ब्रेक (जुन्या गाण्यांतले फक्त ड्रमचे तुकडे) कापायचे असतील तर नको, लॅपटॉप पुरेसा आहे. पण १९९२-९४ च्या लंडनच्या ‘जंगल’ या वेगवान नृत्यसंगीतातला तो करकरीत, दाटलेला ड्रम हवा असेल, तर या खोक्याला फार कमी पर्याय आहेत.

१९८८ साली आलेला हा १२ बिटांचा, मोनो सॅम्पलर. मूळ मेमरी ७५० केबी, म्हणजे पूर्ण दर्जात जेमतेम दहा सेकंद. आता हिशेब पाहा. द विन्स्टन्सच्या १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मधला ग्रेगरी कोलमनचा ड्रमचा तुकडा चार-चार मात्रांच्या चार आवर्तनांचा आहे. तीनतालाइतक्या सोळा मात्रा, मिनिटाला साधारण १३७ ठोके, म्हणजे सात सेकंद. एवढ्यातच मेमरी संपत आली, मग जंगलमध्ये लागणारी ‘रागा’ (जमैकन धाटणीचं बोलतं गाणं) गायकाची हाळी कुठे ठेवायची?

उपाय टर्नटेबलवर होता. ३३ ची रेकॉर्ड ४५ वर फिरवून भरायची. सात सेकंदांचे सव्वापाच होतात आणि लय १८५ वर जाते. जंगलला हवी १६५ च्या आसपास, म्हणून यंत्रात सूर फक्त दोन पट्ट्या खाली घ्यायचा (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून). ब्रेक मूळ सुरापेक्षा तीनेक पट्ट्या चढाच राहतो. जंगलचा स्नेअर (कडकडीत वाजणारा ड्रम) इतका कडक का वाजतो, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं १२ बिटांच्या खरखरीत आणि अॅनालॉग फिल्टरमध्ये (आवाजातला तीक्ष्णपणा कापणारा भाग).

तुकडे करणं हे मात्र चिकाटीचं काम. पडद्यावर लहरीचं चित्र नाही, फक्त आकडे. सुरुवात आणि शेवट कानानेच शोधायचे. सुरुवात किंचित उशिरा धरली तर किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) टोला बोथट होतो, लवकर धरली तर ताल मागे ओढतो आणि लहर शून्यावर नसताना कापली तर ‘टक्’ ऐकू येतं. मग एकेक तुकडा एकेका पट्टीवर लावून अटारी एसटी या जुन्या संगणकावरून मिडीने (वाद्यांना सूचना पाठवणाऱ्या जोडणीने) वाजवायचा. आठ स्वतंत्र आउटपुट आहेत. किक, स्नेअर वेगळे काढून मिक्सरवर थोडे तापवा, तिथे मजा आहे.

टाइमस्ट्रेच, म्हणजे सूर न बदलता आवाज लांबवणं, हे याचं खरं लाडकं अपंगत्व. यंत्र आवाजाचे बारीक तुकडे करून तेच पुन्हा पुन्हा चिकटवतं, त्यामुळे ताणलेला आवाज धातूसारखा किरकिरतो. गाण्याच्या दर्जाच्या दृष्टीने हा दोष, पण जंगलवाल्यांनी त्यालाच अलंकार केलं. प्रक्रिया लगेच होत नाही, थांबावं लागतं, आणि नव्या सॅम्पलला मोकळी मेमरी लागते. फक्त हाच परिणाम हवा असेल तर ‘अकायझर’ हे फुकट सॉफ्टवेअर वापरा, यंत्राच्या मागे लागू नका.

बेससाठी यंत्रातलाच ‘टोन’ खाली वाजवा आणि फिल्टर बंद करत न्या. ड्रम १६५ वर धावत असताना बेस निम्म्या लयीत, ८० च्या आसपास चालवा. ही चाल जमैकन साउंड सिस्टिमची (मोठे स्पीकर लावून रस्त्यावर भरणाऱ्या नाचाच्या मैफलींची). लंडनच्या कॅरिबियन वस्त्यांतून ती जंगलमध्ये आली, आणि म्हणूनच ‘रागा’ गायकांचे बोल त्यावर न ओढता बसतात. फिल्टरला रेझोनन्स (कापतो त्या जागी आवाज टोकदार करणारी सोय) नाही, तेव्हा अॅसिड या नृत्यसंगीतासारखी चिरकणारी लाइन यातून मागू नका.

विकत घेताना आधी फ्लॉपी ड्राइव्ह तपासा, सगळ्यात आधी तीच जाते. तिच्या जागी यूएसबीवरून चालणारा फ्लॉपी एम्युलेटर बसवता येतो. तो आधीच बसवलेला असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. पडद्याचा मागचा दिवा मंदावलेला असणारच, तो बदलता येतो. मेमरी २.२५ एमबीपर्यंत वाढवलेली आहे का ते विचारा. आठही आउटपुट एकेक करून वाजवून ऐका. जपानहून मागवत असाल तर मागची व्होल्टेजची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नका: १०० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० वर थेट जोडलं की पॉवर सप्लाय जळतो.