रिॲलिटी चेकची आठवण देणारे ॲप: उपयुक्त, पण अपुरे

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ याचे भान यावे, म्हणजेच ल्युसिड ड्रीमिंग साधावे, यासाठी दिवसभर रिॲलिटी चेकची, म्हणजे आपण जागे आहोत की स्वप्नात हे तपासून पाहण्याची, आठवण करून देणारे एक मोफत ॲप मी काही महिने वापरले. सूचना आली की नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहायचा, किंवा एखादी ओळ वाचून नजर वळवायची आणि ती पुन्हा वाचायची. स्वप्नात बंद नाकातूनही श्वास घेता येतो आणि अक्षरे बहुधा बदलतात. सूचनांच्या वेळा अनियमित ठेवल्या आहेत हे फार चांगले, कारण मनापासून शंका न घेता, केवळ सवयीने केलेली तपासणी स्वप्नातही तशीच निष्फळ ठरते.

उणीव मात्र मोठी आहे. ॲडलेड विद्यापीठाच्या २०१७ मधील अभ्यासात नुसत्या रिॲलिटी चेकचा ठळक परिणाम दिसला नव्हता. सुमारे ५ तासांच्या झोपेनंतर उठून, पुढच्या स्वप्नात भान ठेवण्याचा संकल्प करत पुन्हा झोपण्याची जोड दिल्यावर पहिल्या आठवड्यात सुमारे १७ टक्के यश मिळाले. या ॲपमध्ये त्यासाठी साधा गजरही नाही. तो स्वतंत्रपणे लावण्याची तयारी असेल, तरच हे ॲप घ्यावे.