होडीचं इंजिन: वाढीव वॉरंटी घ्यावी की पैसे बाजूला ठेवावे?
मालवणात फायबरची होडी नि आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं) इंजिन घेताना डीलर हमखास विचारतो, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू का? लगेच हो म्हणू नका, आधी कागद वाचा. माझ्या भावाचं इंजिन गरम होऊन भर समुद्रात बंद पडलं, उघडलं तर इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राच्या, म्हणजे इंपेलरच्या, पाकळ्याच तुटलेल्या, आणि वॉरंटीवाले म्हणाले हा झिजणारा पार्ट, यात बसत नाही. झिंक (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा), स्पार्क प्लग यांचंही तेच. मिठाने गंजलं तर गोड्या पाण्याने फ्लश केलं होतं का विचारतात, सर्व्हिसची बिलं मागतात. आणि मासेमारी किंवा पर्यटनासाठी घेत असाल तर कमर्शियल वापर चालतो हे लेखीच घ्या, बऱ्याचदा तिथेच अडतं.

दुसरा पर्याय म्हणजे वॉरंटीचे तेवढेच पैसे बँकेत वेगळे ठेवायचे, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होडी वर काढली की इंपेलर, गिअर ऑइल बदलून टाकायचं. साध्या टू-स्ट्रोकला मला हेच पटतं. मोठं फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनवालं असेल तर मात्र वॉरंटी घ्या, त्याचा कॉम्प्युटर नाहीतर गिअर गेला तर खर्च झेपत नाही, फक्त सर्व्हिस सेंटर जवळ आहे ना ते बघा.