इंजिन-फ्रेमचे नंबर जुळतात? मग गोल्ड स्टार घेण्याआधी थांबा

१९५०च्या दशकातल्या बीएसए गोल्ड स्टार या ब्रिटिश मोटरसायकलच्या विक्रीच्या जाहिरातीत ‘मॅचिंग नंबर्स’ असं ठळक छापलेलं दिसलं की समजा, पाणी कुठेतरी मुरतंय. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात तेव्हा इंजिनाला एक नंबर पडे आणि फ्रेमला दुसराच. सारखे नंबर ट्रायम्फ या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीच्या गाड्यांचे असत, बीएसएचे नव्हेत. कोणतं इंजिन कोणत्या फ्रेममध्ये बसून बाहेर पडलं, हे फक्त कारखान्याच्या डिस्पॅचच्या (गाड्या रवाना केल्याच्या) वहीत सापडतं. दोन्हीकडे एकच आकडा असेल, तर तो नंतर कुणीतरी पंच केलेला आहे.

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी माणसाने नेमक्या याच दोन शब्दांवर भाळून १९५९ची म्हणून डीबीडी३४ (गोल्ड स्टारचंच एक मॉडेल) घेतली. निघाली बी३३ या बीएसएच्याच साध्या गाडीची फ्रेम आणि नव्या सुट्या भागांचं इंजिन. अशा जोडगाडीच्या आणि खऱ्या गोल्ड स्टारच्या किमतीत कित्येक हजार पौंडांचा फरक, तो गेला.

ही बनवाबनवी सोपी का, तेही कळायला हवं. बी३३ आणि डीबीडी३४ दोन्ही ४९९ सीसी, बोअर ८५ मिमी, स्ट्रोक ८८ मिमी. बी३३ कामावर जायची साधी गाडी, लोखंडी सिलिंडरची. गोल्ड स्टार ॲल्युमिनियमची, रेसची. लबाड विक्रेते लोखंडालाच चंदेरी रंग फासतात, तिथे खिशातलं लोहचुंबक पुरतं. सिलिंडरच्या पात्यांना (फिन्स) चिकटलं की विषय संपला. पण हेड, सिलिंडर, इतकंच काय क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) सुद्धा आता नवे बनवून मिळतात. या गाडीत तेच होतं, त्यामुळे चुंबक बिचारं पास झालं.

खोटं उघडं पडलं ते फ्रेममध्ये. गोल्ड स्टारच्या फ्रेमची उजवीकडची खालची नळी ऑइल पंपाला जागा मिळावी म्हणून एका ठिकाणी वाकवलेली असते. बी३३ची नळी सरळ. इथे ती तापवून ठोकली होती. गाडीशेजारी जमिनीवर आडवं पडून टॉर्च तिरकी धरली, तर कारखान्यातला बाक गुळगुळीत, सलग दिसतो. ठोकलेल्या जागी नळी चपटी होते आणि जाड पावडर कोटिंगखालीही हातोड्याचे खड्डे बोटाला लागतात. फ्रेमवर साइडकार जोडायचे लग (धातूचे कान) घासून काढल्याच्या खुणा दिसल्या तरी विचारणा करा, ती बी३३ची फ्रेम असू शकते. आणि ताजं पावडर कोटिंग म्हणजे रिस्टोरेशन असं डोळे झाकून मानू नका, ते पांघरूणही असतं.

इंजिनाचा नंबर डाव्या क्रँककेसवर, सिलिंडरच्या खाली. रॉकेलने पुसा. अक्षरांभोवतीचं ओतीव धातूचं खरखरीत कातडं शाबूत हवं. तेवढाच चौकोन गुळगुळीत किंवा खोलगट असेल तर जुना नंबर घासलाय.

चालवून बघितलं असतं तरी कळलं असतं. गोल्ड स्टारच्या क्लबमन या रेसच्या मॉडेलमधल्या आरआरटी२ गिअरबॉक्सचा पहिला गिअर इतका उंच, की सुटताना क्लच बराच वेळ घसरवावा लागतो. त्यावरच्या अमल जीपी कार्ब्युरेटरला आयडलिंगची (उभ्या गाडीचं इंजिन मंद चालू ठेवण्याची) सोयच नाही, म्हणून सिग्नलला उभी राहून गाडी शांत टुकटुकत नाही. त्या माणसाने घेतलेली गाडी मात्र रिक्षासारखी टुकटुकत होती, आणि विक्रेता त्याचंच कौतुक सांगत होता! रस्त्यावर चालवायला सोपं जावं म्हणून काही जण दुसरा कार्ब्युरेटर बसवतात, हे खरं. पण मग जाहिरातीत जीपी का लिहावा?

ब्रिटनचं व्ही५सी हे गाडीचं नोंदणी पुस्तक दाखवलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यावर नोंद असते गाडी सांभाळणाऱ्याची; मालकीचा तो पुरावा नाही, हे त्यावरच छापलेलं असतं. पैसे देण्याआधी दोन्ही नंबरांचे फोटो मागवा आणि व्हिंटेज मोटरसायकल क्लबकडे बीएसएच्या जुन्या नोंदी आहेत, तिथून पडताळून घ्या. फी मामुली. फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच राम राम.

(महिंद्राच्या गटातल्या कंपनीने २०१६मध्ये बीएसए घेतली, २०२४पासून भारतात विकली जाणारी ६५२ सीसी गोल्ड स्टार ही वेगळीच, नवी गाडी. तिच्या नावाने जुनीची किंमत सांगणारे आपल्याकडेही भेटतील.)

त्या मराठी माणसाच्या व्यवहारात पैसे थेट बँकेतून गेले, विक्रेता खासगी, आणि जाहिरात लगेच काढून टाकलेली. ब्रिटनमध्ये डीलरकडून घेतली तर २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू ३० दिवसांत परत करता येते. डीलरला इसाराची रक्कम क्रेडिट कार्डाने द्यावी. गाडीची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल तर कार्ड कंपनीवरही जबाबदारी येते. खासगी विक्रेत्याकडून घेताना जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा, आणि पावतीवर मॉडेल, इंजिन नंबर, फ्रेम नंबर आणि ‘मूळ कारखान्याची डीबीडी३४’ हे शब्द त्याच्याच हस्ताक्षरात घ्या.