बाळाच्या श्वासपटलाला ठिगळ कशाचं?

काही बाळांच्या श्वासपटलात, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यात, जन्मतःच भोक असतं आणि त्यातून आतडं छातीत शिरतं; हाच हर्निया. भोक लहान असलं तर कडा ओढून नुसते टाके पुरतात. ठिगळ लागतं ते भोक मोठं असलं किंवा मागची कडच नसली तर. हे नक्की कळतं पोट उघडल्यावर. म्हणून ठिगळ, म्हणजे पॅच, आधीच आणून ठेवायला सांगतात, आणि चिठ्ठी घेऊन बाप दुकानात उभा राहतो.

सगळ्यात जास्त वापर पीटीएफई या प्लास्टिकचा, म्हणजे गोअर-टेक्सचा. सुमारे १ मिमी जाडीचा, मऊ, पांढरा. आतड्याला तो कमी चिकटतो. पण शरीर त्यात फारसं रुजत नाही, सगळा भार टाक्यांवर. बाळ वाढतं, पॅच वाढत नाही, उलट आकसतो. मग कड सुटते, बहुधा मागच्या बाजूची. कापसाच्या पोत्याला ताणून लावलेलं ठिगळ शिवणीतच उसवतं, तसंच हे. म्हणून पॅच भोकाच्या मापाचा कापायचा नाही. चहूबाजूंनी सेंटीमीटरभर जास्त ठेवून घुमटासारखा सैल बसवायचा, न विरघळणाऱ्या धाग्याने. कडच नसेल तिथे टाका बरगडीभोवती घ्यायचा. दुसरी खोट संसर्गाची. याची छिद्रं इतकी बारीक की जंतू आत शिरतात, त्यांना खाणाऱ्या पेशी शिरू शकत नाहीत. पॅच पिकला तर बहुतेक वेळा काढावाच लागतो.

पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लास्टिकची जाळी, मोठ्यांच्या हर्नियाला लावतात तीच, स्वस्त आणि कुठेही मिळणारी. मोठ्या छिद्रांत शरीर छान रुजतं, पण आतडंही तितकंच घट्ट चिकटतं. उघडी जाळी आतड्यावर नको. लावायचीच तर आतड्याच्या बाजूला पीटीएफईचा थर हवा.

डुकराच्या आतड्यापासून किंवा कातडीपासून बनवलेले जैविक पॅच महाग. कल्पना सुंदर: शरीर हळूहळू त्याची जागा घेणार. मोठ्या भोकात मात्र नवी ऊती मजबूत होण्याआधीच तो विरू शकतो आणि हर्निया परत येतो. शिवाय तो कोणत्या प्राण्याचा, हे घरच्यांना आधी सांगायलाच हवं.

पोटाच्या भिंतीतले आतले दोन स्नायू वळवून लावले तर साहित्याचा खर्च शून्य, आणि ते बाळाबरोबर वाढतात. बदल्यात वेळ जास्त, रक्तस्राव जास्त, पुढे कुशीला फुगवटा येऊ शकतो. सर्जनचा हात त्यात बसलेला असेल तरच.

भामरागड किंवा धारणीसारख्या दुर्गम भागातून येणाऱ्या घरासाठी आमचं मत घुमटाकार पीटीएफई, नाहीतर स्नायू. एकटा जैविक पॅच नाही. पॅच सरकारी आरोग्य योजनेत बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, दुकानात जाण्याआधी विचारा.

पहिल्या वर्षी तीन-चार वेळा छातीचा एक्स-रे, नंतर दरवर्षी. परतलेला हर्निया कधीकधी फक्त त्यातच दिसतो, बाळ हसत-खेळत असतं. तारीख पावसाळ्यात पडत असेल तर भामरागडच्या पर्लकोटा नदीला पूर येण्याआधीची मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर पॅचचं नाव, माप आणि बाजू लिहून घ्या; हिरवी उलटी झाली (आतडं अडकल्याची ती खूण असू शकते) तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी ते कार्ड दाखवा.