दादरचं पगार-वाटाघाटी शिबिर: अमेरिका पक्की, कफ परेड कच्चं

कापलेला पगार परत मिळवायची बोलणी कशी करायची, हे शिकवणारं दोन दिवसांचं शिबिर दादर पश्चिमेला झालं. फी साडेतीन हजार, जेवणासकट. मी एअरबसवर कॅप्टन आहे आणि आमच्या पायलट संघटनेच्या वाटाघाटी समितीत नुकतंच मला ओढलंय. लॉकडाऊनमध्ये कापलेला फ्लाइंग अलाउन्स आमच्या कंपनीने (नाव राहू दे) अजून पुरता परत केलेला नाही. म्हणून स्वतःच्या खिशातून पैसे भरून गेलो.

शिकवायला दोघं. सत्तरी ओलांडलेले एक कामगार-वकील, ज्यांना सगळे काका म्हणत होते, आणि युनियनमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्या एक मॅडम. पहिला दिवस मॅडमचा. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

त्यांनी डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीचं प्रकरण फळ्यावर मांडलं. दिवाळखोरी टळावी म्हणून २००४ मध्ये तिथल्या पायलटांनी ३२.५ टक्के कपात स्वीकारली. ती टळली नाहीच. सप्टेंबर २००५ मध्ये कंपनी चॅप्टर ११ खाली, म्हणजे अमेरिकी कायद्याप्रमाणे दिवाळखोरीत गेली आणि २००६ मध्ये आणखी १४ टक्के गेले. एकूण कपात किती? अर्धा हॉल म्हणाला, ४६.५. चूक! शंभराचे ६७.५ झाले, त्यातले १४ टक्के गेले की उरतात ५८. आणि ५८ चे परत १०० करायला वाढ लागते ७२ टक्क्यांची. समोरचा 'तीस टक्के देतोय की' म्हणून छाती फुगवतो तेव्हा कुठला आकडा पुढे सरकवायचा, ते कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही. डेल्टाच्या २०२३ च्या करारात चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ होती, म्हणजे कपातीनंतर तब्बल सतरा-अठरा वर्षांनीही आकडे असे मोठेच लागत होते.

त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त आवडला. अमेरिकेत दिवाळखोरी कायद्याच्या कलम १११३ खाली कंपनी न्यायाधीशाकडे जाऊन युनियनचा करारच रद्द करून मागू शकते, पण त्याआधी प्रस्ताव ठेवून बोलणी करावी लागतात. त्या धाकाखालीही डेल्टाचे पायलट रिकाम्या हाताने उठले नाहीत. पेन्शन योजना बुडाली, पण कंपनीवर २१० कोटी डॉलरचा दावा आणि ६५ कोटींच्या वचनचिठ्ठ्या (नोट्स) त्यांनी लिहून घेतल्या. देताना बदल्यात काहीतरी कागदावर घ्या, असं मॅडम बजावत होत्या.

संध्याकाळी खोटी खोटी बोलणी. मला मॅनेजमेंट केलं. मी रुबाबात म्हटलं, "परिस्थिती सुधारली की पूर्ववत करू." काकांनी तिथेच पकडलं. सुधारली हे ठरवणार कोण? लागोपाठ दोन तिमाहींचा नफा लिहा, ताफ्यातल्या विमानांचा आकडा लिहा, नाहीतर सरळ तारीख घाला. आणि नुसता दर बघू नका, हमीचे तासही बघा, म्हणजे उडालो न उडालो तरी ज्यांचे पैसे मिळतात ते. दर जुना दिला पण तास सत्तरचे पन्नासच ठेवले, तर महिन्याकाठी हातात काय पडणार?

दुसरा दिवस काकांचा, आणि तो फसला. माणूस रसाळ, पण सकाळ सगळी १९८२ च्या गिरणी संपात गेली. ऐकायला मजा आली, नाही म्हणत नाही. आपल्या दिवाळखोरी कायद्याला मात्र शेवटचा अर्धा तास उरला. कलम ५३ प्रमाणे कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणधारक बँकांच्या बरोबरीने येते, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्याखाली. मग पायलट कुठल्या रांगेत? सगळ्यांना हेच विचारायचं होतं, तेवढ्यात चहा आला. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. मधल्या साडेपाच वर्षांत कर्मचाऱ्यांनी दावे कसे लावले, हे आम्हाला हवं होतं. दाव्याचा फॉर्म डी नमुन्यालासुद्धा आणला नव्हता. एनसीएलटी, म्हणजे दिवाळखोरीची प्रकरणं चालवणारं कंपनी न्यायाधिकरण, कफ परेडला आहे, दादरहून फार लांब नाही. एक दुपार तिथे सुनावणीला बसवलं असतं तरी चाललं असतं.

बाकी बटाटेवडा फर्मास, पंखे कुरकुरे, झेरॉक्स इतकी फिकी की आकडे पेनाने गिरवावे लागले. समितीवर असाल तर जा. केबिन क्रूवाल्यांनीही जावं, त्यांच्या अलाउन्सचं दुखणं हेच आहे.

पुढच्या बॅचला फक्त पहिल्या दिवसाचे पैसे घ्याल का, असं मी विचारलं. मॅडमनी आधी माणसं किती ते विचारलं. आठ म्हटल्यावर माणशी पंधराशेवर आल्या. लेखी घेतलंय, तारखेसकट.