हिस्पॅनिक महिलांसाठी मधुमेह-प्रतिबंध: प्रोमोतोराचा वर्ग, ठरावीक सरकारी कार्यक्रम की मेटफॉर्मिन?

अमेरिकेत डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फार्मासिस्ट किंवा सामाजिक कार्यकर्ते म्हणून काम करणाऱ्या मराठी मंडळींपुढे हा प्रश्न सतत येतो. चाळिशीतली मेक्सिकन किंवा पोर्तो रिकन बाई, वजन जास्त, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) 5.9. मधुमेह अजून नाही, पण फार लांबही नाही. तिला कुठे पाठवायचं? माझं मत आधीच सांगते. बहुतेकींसाठी त्यांच्याच वस्तीतल्या प्रोमोतोराने, म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य-कार्यकर्तीने, चालवलेला वर्ग हा पहिला पर्याय. मात्र काही जणींच्या बाबतीत मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीचा विषय पहिल्याच भेटीत निघायला हवा.

घाई का, तेही पाहा. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेच्या अंदाजानुसार अमेरिकेतल्या एकूण प्रौढांपैकी 40 टक्क्यांना आयुष्यात कधी ना कधी टाइप 2 मधुमेह होण्याची शक्यता असते. हिस्पॅनिक प्रौढांमध्ये हे प्रमाण 50 टक्क्यांच्याही वर जातं. पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथल्या सुमारे 16,400 हिस्पॅनिक प्रौढांच्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाचं प्रमाण दक्षिण अमेरिकी मुळाच्या लोकांत 10.2 टक्के, तर मेक्सिकन मुळाच्या लोकांत 18.3 टक्के निघालं. जेवणही वेगळं. मेक्सिकन घरात मक्याचे टॉर्तिया आणि राजमा-घेवडा, पोर्तो रिकन घरात भात, घेवडा आणि तळलेली कच्ची केळी. ‘लॅटिन आहार’ असं एकच पत्रक छापून दोघींच्या हातात दिलं, तर एकीला तरी ते परकं वाटणार.

तिन्ही पर्यायांचा पाया एकच आहे: 2002 साली प्रसिद्ध झालेली ‘डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम’ ही चाचणी. 3,234 जण, सरासरी 2.8 वर्षांचा पाठपुरावा. वजन 7 टक्क्यांनी उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं हालचाल, एवढं ध्येय ठेवलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनच्या गटात 31 टक्क्यांनी. जीवनशैलीचा फायदा सगळ्या वंशगटांत दिसला, हिस्पॅनिक लोकांतही. म्हणजे उपाय लागू पडतो, याबद्दल वाद नाही. फक्त तिथे प्रत्येकाला स्वतंत्र प्रशिक्षक होता, आणि ते वस्तीपातळीवर परवडत नाही.

म्हणून 2010 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. सीडीसीची मान्यता, वर्षभराचा गट, पहिल्या सहा महिन्यांत किमान 16 बैठका आणि नंतर महिन्याला साधारण एक. अभ्यासक्रम स्पॅनिशमध्येही मिळतो. याची ताकद शिस्तीत आहे: हजेरी आणि वजनाची नोंद ठेवावी लागते, दर्जा तपासला जातो, आणि 2018 पासून पात्र ज्येष्ठांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना पैसेही देते. इंग्रजी येणारी, ठरलेल्या वेळेची नोकरी आणि गाडी असलेली बाई असेल तर हा कार्यक्रम उत्तम आहे. तिच्यासाठी दुसरं काही शोधत बसू नका.

पण दोन शिफ्टमध्ये हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या, बसने फिरणाऱ्या, घरी तीन मुलं आणि सासूबाई असलेल्या बाईचं काय? इथे प्रोमोतोरा उपयोगी पडते. ती डॉक्टर नसते, नर्सही नसते. त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी, प्रशिक्षण घेतलेली बाई असते. आपल्याकडच्या आशाताईंचं काम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना हे लगेच उमगेल. वर्ग चर्चच्या सभागृहात किंवा शाळेत संध्याकाळी भरतो, आणि चांगल्या ठिकाणी मुलांना सांभाळायची सोयही असते. ही सोय नसल्यामुळे बायका किती वेळा गळतात, हे कार्यक्रम आखणाऱ्यांना सहसा उशिरा कळतं.

शिकवण्याची रीतही वेगळी असते. टॉर्तिया सोडा असं कुणी सांगत नाही. मैद्याऐवजी मक्याचे घ्या, चाराऐवजी दोन घ्या, चरबीऐवजी थोडं तेल, गोड शीतपेयांऐवजी पाणी, ताटात नोपाल (निवडुंगाची भाजी) वाढवा. ख्रिसमसचे तामाले आणि लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाचा मोठा समारंभ आधीच धरून आठवड्याचा बेत ठरतो. एकदम बसलेल्या धक्क्यामुळे मधुमेह होतो असं बऱ्याच जणी मानतात. प्रोमोतोरा ते हसण्यावारी नेत नाही, ताणाबद्दल बोलायला तिथूनच सुरुवात करते. सगळ्यांचं करून मग स्वतःचं पाहायचं, ही सवय तर आपल्या घरांतही आहेच. त्यामुळे ‘तुझ्यासाठी चाल’ यापेक्षा ‘लेकीला घेऊन चाल’ हे पटकन पटतं. माझ्या मते वर्ग टिकतो तो असल्या गोष्टींवर. नुसतं पत्रकाचं भाषांतर केलं की काम झालं, असं समजणाऱ्या संस्थेपासून जपून राहा.

पुरावा काय सांगतो? फिलाडेल्फियात प्रीडायबेटिस (साखर वाढलेली, पण मधुमेहाइतकी नाही) असलेल्या 92 लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, महिलांवर प्रोमोतोराचा वर्ग, मेटफॉर्मिन आणि नेहमीची देखभाल यांची थेट तुलना झाली. निष्कर्ष 2017 मध्ये आले. वर्षाअखेरीस प्रोमोतोराच्या गटाचं वजन सरासरी 4 किलोंनी, म्हणजे 5 टक्क्यांनी उतरलं. मेटफॉर्मिनच्या गटाचं जेमतेम 0.9 किलो, नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटाचं थोडं वाढलं. आकडे आश्वासक आहेत, पण चाचणी लहान होती आणि किती जणींचा मधुमेह टळला हे ठरवण्याइतकी लांबही नव्हती. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स शहरात 312 लॅटिनो लोकांसाठी, त्यांत बहुतेक महिलाच, असाच कार्यक्रम झाला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निकालात वजन सरासरी अडीच पौंडच घटलं. फरक खरा होता, पण छोटा. तेव्हा ‘आपल्या संस्कृतीतला’ असा शिक्का पाहून मोठ्या फळाची खात्री देऊ नका.

आता मेटफॉर्मिन. स्वस्त आहे, वर्गाला जावं लागत नाही. पोट बिघडणं ही मुख्य तक्रार, आणि वर्षानुवर्षं घेतल्यास बी12 तपासत राहावं लागतं. 2002 च्या त्याच मूळ चाचणीत, आधी गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रियांमध्ये त्याने धोका जवळपास 50 टक्क्यांनी कमी केला, म्हणजे जीवनशैलीइतकाच. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) 35 किंवा जास्त असणाऱ्यांनाही जास्त फायदा झाला. म्हणून बाळंतपणाचा इतिहास विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका. ‘त्या वेळी साखर वाढली होती, मग उतरली’ असं ती म्हणाली, की वर्ग आणि गोळी दोन्ही तिच्यापुढे ठेवा.

हे निष्कर्ष आपल्या भारतीय स्त्रियांना जसेच्या तसे लावू नका. अमेरिकेतच राष्ट्रीय कार्यक्रमाची बीएमआयची अट 25 आहे, आशियाई लोकांसाठी 23. आणि 2006 साली चेन्नईहून आलेल्या भारतीय चाचणीत जीवनशैलीने 28.5 टक्के, मेटफॉर्मिनने 26.4 टक्के धोका घटला, दोन्ही जवळपास सारखेच.

पैशांचा भाग थोडक्यात: कागदपत्रं नसलेल्या बाईला मेडिकेअर नाही, कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी विमा योजना मेडिकेडही बहुतेक ठिकाणी नाही. तिला उत्पन्नानुसार शुल्क घेणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रात पाठवा. प्रोमोतोरांचे वर्ग अनेकदा तिथेच किंवा त्यांच्या ओळखीने चालतात. कार्यक्रम निवडण्यापूर्वी फोन करून विचारा: शिकवणारी कोणत्या समाजातली आहे, मुलांची सोय आहे का, बैठका वर्षभर चालतात की तीन महिन्यांत संपतात, मागच्या गटातल्या किती जणी शेवटपर्यंत टिकल्या. शेवटच्या प्रश्नाला आकडा मिळाला नाही, तर दुसरीकडे फोन करा.