सालामांकाला समुद्र नाही

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात मी ३ लाख ६० हजार रुपये भरले. कशासाठी, तर स्पेनमधल्या सालामांका शहरात २४ आठवडे स्पॅनिश शिकायला. शाळेची फी, एका कुटुंबात राहणं-जेवण, व्हिसाची कागदपत्रं, सगळं ते ऑफिसवालेच बघणार होते. मी ऐरोलीत कॉल सेंटरला आहे. आमच्याकडे स्पॅनिशवाल्यांना पगार चांगला मिळतो, म्हणून हा खटाटोप. बाबांनी एफडी मोडली.

मी ए-टूपर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या दोन पातळ्यांचं स्पॅनिश ठाण्यातच शिकले होते. म्हणजे अगदीच अडाणी नव्हते, हे आधीच सांगून ठेवते.

पैसे भरण्याआधी त्यांनी मला व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. तिथे ‘आपली डोंबिवलीची मुलगी’ सालामांकाहून रोज लिहायची. सकाळी चार तास क्लास, बाराला घरी येऊन जेवण, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर बीचवर, सातला रात्रीचं जेवण, घरमालकीण अगदी आईसारखी. सोबत तिथल्या मुख्य चौकाचे, प्लाझा मायोरचे फोटो. मी ते रात्री आईला वाचून दाखवायचे. आई विचारायची, “तिला भात मिळतो का गं?”

आता नीट बघा. स्पेनमध्ये दुपारी जेवायला दोन-अडीच वाजतात आणि रात्री नऊ. सातला तिथे घरी कोण ताट वाढणार? हे आमच्या पुस्तकातच होतं. आणि सालामांका माद्रिदच्या पश्चिमेला दोनेकशे किलोमीटरवर, समुद्रापासून चांगलंच लांब. बीच कुठला? नकाशा उघडायला अर्धा मिनिट लागला असता. पण माहितीपत्रकातलं बाकीचं खरं होतं. विद्यापीठ १२१८ सालचं, तेही खरं. त्यामुळे मी सगळंच गिळलं.

मग प्रवेशपत्र आलं. स्पॅनिशमध्ये वर्षाला ‘आन्यो’ म्हणतात. त्यातल्या एन अक्षरावर एक नागमोडी रेघ असते. ती गाळली की शब्द ‘आनो’ होतो, आणि त्याचा अर्थ गुदद्वार. पहिल्याच आठवड्यात आमच्या मॅडमनी हे सांगून अख्ख्या वर्गाला हसवलं होतं. माझ्या पत्रात तो शब्द तीनदा आला होता, तिन्ही वेळा रेघेशिवाय. भाषा शिकवणारी शाळा असं लिहील? मी ऑफिसात विचारलंसुद्धा. “मॅडम, प्रिंटरचा प्रॉब्लेम आहे,” म्हणाले. आणि मी ऐकून घेतलं! याचा राग मला पैशांपेक्षा जास्त येतो.

कोर्स संपला की ‘देले’चं सर्टिफिकेट हातात, असंही सांगितलं होतं. देले ही इन्स्टिट्यूटो सर्व्हांतेस या स्पेनच्या सरकारी संस्थेची स्पॅनिशची वेगळी परीक्षा. तिचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, आणि त्यात नापासही होता येतं. कोर्सबरोबर ती कुणी वाटत नाही.

खरी शंका दादाला आली, तीही ‘फंड’वरून. स्पेनच्या विद्यार्थी व्हिसाला तिथल्या खर्चासाठी महिन्याला साधारण ६०० युरो आहेत, हे दाखवावं लागतं. ऑफिसवाले म्हणाले, “ते बँक स्टेटमेंट आम्ही करून देतो, २० हजार वेगळे.” दादा म्हणाला, “अगं, खोटं स्टेटमेंट तुझ्या नावाने जाणार. पकडलं तर व्हिसा तुझा नाकारतील, यांचं काय जातंय?”

त्या रात्री मी सर्व्हांतेसच्या मान्यताप्राप्त शाळांच्या यादीत ती शाळा शोधली. होती. पत्रावरचा जीमेल सोडून शाळेच्या स्वतःच्या साइटवरच्या पत्त्यावर लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं : या नावाची नोंदणी आमच्याकडे नाही, ठाण्यात आमचा कुणी प्रतिनिधीही नाही.

ऑफिसने “सोमवारी या” म्हणत दोन सोमवार काढले. तिसऱ्या सोमवारी कुलूप. माझ्याकडे काय, तर रबरी शिक्का मारलेली पावती, जीएसटी नंबर नसलेली. दोन लाख साठ हजार एका बाईच्या बचत खात्यात गेले होते, लाखभर रोख. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलिसांत अर्ज दिला. पण त्या हेल्पलाइनला पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो, म्हणजे ते पुढे सरकायच्या आत थांबवता येतात. माझे जाऊन तीन महिने झाले होते. अजून एक रुपया परत आलेला नाही.

मला ग्रुपमधून काढलंय. वाशीची माझी एक मैत्रीण मात्र अजून आत आहे, मुद्दामच गप्प बसून. परवा तिने स्क्रीनशॉट पाठवला. तिघं नवे आलेत, आणि डोंबिवलीची मुलगी लिहितेय की आज क्लास लवकर सुटला, बीचवर चाललोय.